सापळ्यात कोण आलं?

सदर : रान आणि रहिवासी

मेंढ्या मारणारा कायोटी आणि सापळ्यात सापडणारा कायोटी हे बऱ्याचदा दोन वेगळे प्राणी असतात. अमेरिकेत मेंढपाळ, सरकार आणि प्राणीप्रेमी यांच्यात कायोटीवरून शंभर वर्षांहून अधिक काळ भांडण चालू आहे आणि त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. सापळे असावेत की नसावेत, यावर तिथे हिरिरीने बोललं जातं. सापळ्यात नेमकं कोण आलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. या प्रश्नाचं उत्तर सापळा जमिनीवर कसा मांडला, यावर बरंचसं अवलंबून असतं. म्हणून आज त्या मांडणीबद्दल सविस्तर लिहितो आहे.

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला श्वानकुळातला प्राणी. आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा, लांडग्याहून लहान. तो मूळचा पश्चिमेकडच्या मोकळ्या माळरानांचा. माणसाने लांडगे संपवले, जंगलं तोडली आणि विसाव्या शतकात कायोटी पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन पोचला. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. शिकागोसारख्या महानगरातही राहतो. १९३१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून पशुधनाला त्रास देणारे वन्यप्राणी मारण्याचं काम केंद्र सरकारकडे दिलं. आज कृषी खात्याची वाइल्डलाइफ सर्व्हिसेस ही यंत्रणा वर्षाला ६० हजारांच्या आसपास कायोटी मारते. विमानातून गोळ्या घालून, फासात अडकवून, सापळ्यात धरून. इतकं होऊनही कायोटी आटलेला नाही आणि मेंढपाळाची तक्रारही थांबलेली नाही. असं का होतं?

कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो परगण्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाचं हॉपलंड हे संशोधन केंद्र आहे. तिथे मेंढ्यांचा कळपही असतो. १९९० च्या दशकात संशोधकांनी त्या परिसरातल्या कायोटींना रेडिओ कॉलर लावून मेंढ्या कोण मारतं, याचा माग काढला. मारेकरी निघाल्या त्या मुख्यतः आपापला टापू राखून असलेल्या, पिल्लं वाढवणाऱ्या जोड्या. नेहमीच्या बंदोबस्तात बळी जात होते ते मात्र बहुतांशी तरुण, बिनजोडीचे कायोटी. टेक्सासच्या दक्षिण भागातही असाच अनुभव आला होता. तिथे कायोटी सापडत ते बहुधा स्वतःच्या टापूच्या सीमेवर किंवा बाहेर. टापूच्या मध्यभागी फार क्वचित.

यामागे प्राण्याचा स्वभाव आहे. अनोळखी मुलखात सगळंच नवं असतं, त्यामुळे तिथे कायोटी नव्या वस्तूला फारसा बिचकत नाही. रोजच्या वाटेवर मात्र काही बदललं तर ते त्याला लगेच खटकतं. घरातली एखादी फरशी हलली तर घरच्या माणसाच्या पायाला ती अंधारातही कळते, तसंच हे. मेंढ्या मारणारी जोडी ही त्या घरची माणसं. भटकणारे तरुण पाहुणे. ढिसाळ मांडलेल्या सापळ्यात पाहुणा सापडतो आणि घरचा शहाणा होतो. एकदा सापळा उकरून बाहेर काढणारा कायोटी पुढे अशा खुणा ओळखून बाजूने निघून जातो.

म्हणून जमिनीत मिसळून जाणारी मांडणी हा केवळ कसब मिरवण्याचा भाग नाही. दोषी प्राण्यापर्यंत पोचायची ती वाट आहे.

कायोटीसाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो डर्ट होल सेट. कायोटी आणि खोकड उरलेलं खाणं मातीत पुरून ठेवतात आणि दुसऱ्याने पुरलेलं हुंगून उकरूनही काढतात. सापळे लावणारा, म्हणजे ट्रॅपर, या सवयीची नक्कल करतो. गवताच्या झुपक्याच्या किंवा ढेकळाच्या पायथ्याशी तो वीतभर खोल, तिरकं बीळ पाडतो. आत मांसाचं आमिष ठेवतो, त्यावर गवताचा बोळा कोंबतो, मागच्या झुपक्यावर कायोटीच्या मूत्राचे थेंब शिंपडतो. बिळाच्या तोंडापासून सात-आठ इंचांवर, मध्यापासून जरासा बाजूला, सापळ्यापुरता उथळ खड्डा करतो. बाजूला अशासाठी, की बिळात नाक घालताना प्राण्याचा पुढचा पाय नाकाच्या सरळ रेषेत पडत नाही.

खरं काम यापुढे सुरू होतं. सापळा आधी उकळून, रंगवून, मेणात बुडवून घेतलेला असतो, म्हणजे तो गंजत नाही आणि झटकन मिटतो. खड्ड्यात तो घट्ट बसावा लागतो. पाऊल कडेवर पडलं आणि सापळा डुगडुगला, तर कायोटी पाय मागे घेतो आणि तिथली माती उकरायला लागतो. सापळ्याच्या मधल्या तबकडीखाली माती जाऊ नये म्हणून तिच्यावर एक आच्छादन येतं. मग चाळणीतून कोरडी माती भुरभुरवायची, पाव ते अर्धा इंच, आसपासच्या मातीच्याच रंगाची. उरलेली माती दूर नेऊन टाकायची. गुडघ्याखाली कापड, हातात मोजे. थंडीत ओली माती गोठून सापळा जखडतो, म्हणून मेण लावलेली माती किंवा कोरडा पीट मॉस वापरतात. कायोटीला टोकदार खड्यावर पाय ठेवायला आवडत नाही. त्यामुळे दोन-चार खडे आणि काटक्या अशा पेरायच्या की पाय ठेवायला मऊ जागा एकच उरावी. वाऱ्याची दिशाही बघायची, कारण वाटेवरून जाणाऱ्याच्या नाकापर्यंत वास पोचला तरच तो वळेल.

नैसर्गिक दिसणं म्हणजे सगळं झाकून टाकणं, असा समज असतो. तो चुकीचा आहे. बीळ कायोटीच्या नजरेत भरायलाच हवं. उकरलेली ताजी माती दिसली पाहिजे, वास आला पाहिजे. दिसू नये तो माणसाचा हात. इथे आपल्याच जातीतलं कुणीतरी येऊन गेलं, एवढंच कायोटीला वाटावं. ज्याने त्या टापूतले माग वाचले आहेत, विष्ठा कुठे पडते आणि पाणवठ्याकडची वाट कुठून जाते हे पाहिलं आहे, त्यालाच हे जमतं. जातिवंत ट्रॅपरचं ज्ञान एखाद्या अभ्यासकाच्या तोडीचं असतं आणि त्याबद्दल मला आदर आहे.

पण हे कसब अर्धंच आहे. मातीशी एकरूप झालेला सापळा माणसाच्या कुत्र्यालाही दिसत नाही, बॉबकॅटलाही नाही, स्कंकलाही नाही. जितकी मांडणी बेमालूम, तितकी मांडणाऱ्याची जबाबदारी वाढते. ती निभावायचे मार्ग त्याच लोखंडात आहेत. तबकडी इतकी कडक ठेवता येते की दीड-दोन किलोंचा भार पडल्याशिवाय सापळा मिटत नाही. लहान प्राणी त्यावरून निघून जातात. जबड्यांना रबर लावता येतं. साखळीत फिरत्या कड्या घातल्या की धडपडताना पाय पिळवटत नाही. शिकागो परिसरात स्टॅनली गेर्ट यांचा गट २००० पासून कायोटींचा अभ्यास करतो आहे. पाय धरणारे सापळे आणि फास वापरून ते प्राणी जिवंत पकडतात, कॉलर लावतात आणि सोडून देतात. सापळ्याने जीव घेतलाच पाहिजे असं नाही. माणूस वेळेवर पोचला नाही, तर मात्र जीव जाऊ शकतो.

इथे माझं मत स्पष्ट आहे. सापळा रोज तपासणं कायद्याने सक्तीचं हवं. काही अमेरिकी राज्यांत तसं आहे, काहींत ७२ तासांची मुभा आहे. उन्हात किंवा बर्फात तीन दिवस पाय अडकून पडलेल्या जनावराच्या यातनेला पशुधनाचं कोणतंही नुकसान निमित्त होऊ शकत नाही. हा निष्काळजीपणा असाच चालू राहिला की समाज सापळ्यांवरच बंदी घालतो. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये मतदारांनी पोलादी जबड्यांच्या सापळ्यांवर बंदी आणली. न्यू मेक्सिकोत २०१८ मध्ये रॉक्सी नावाची पाळीव कुत्री सार्वजनिक जमिनीवर लावलेल्या फासात मेली. पुढे तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि १ एप्रिल २०२२ पासून तिथल्या सार्वजनिक जमिनीवर सापळे, फास आणि विष यांना मनाई झाली. या कायद्यांमागचा राग मला रास्त वाटतो.

मेंढपाळाचं दुःखही तितकंच खरं आहे. एका रात्रीत कोकरं गेली की वर्षाचा हिशेब कोसळतो. त्याला उपयोगी पडेल ते मात्र सरसकट मारणं नव्हे. हॉपलंडच्याच अभ्यासात मेंढ्यांच्या टापूतली नेमकी जोडी काढली, तेव्हा तिथले बळी काही महिने घटले. युटाहमध्ये काही टोळ्यांतल्या कायोटींची नसबंदी केली. पिल्लं नसलेल्या टोळ्यांनी कोकरं कमी मारली. पोसायला पिल्लं असतात तेव्हा मोठी शिकार करावी लागते, हे त्यामागचं साधं कारण. राखणीचे कुत्रे, रात्रीचा कोंडवाडा, विण्याच्या काळात छपराखालचा आसरा हे उपाय आधी करायला हवेत. ते करूनही भागलं नाही, तर माग काढून त्या जोडीपुरता सापळा लावावा, तोही जाणत्या हाताने.

हे सगळं महाराष्ट्रातल्या वाचकासमोर मांडतो आहे ते आपलाही प्रश्न हाच आहे म्हणून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सापळे आणि फास लावून शिकार करणं हा गुन्हा आहे. तरी कोकणात रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकतात आणि तडफडून मरतात. फासकी लावणारा कुणाचा माग काढत नाही; येईल त्याला ती आवळते. वनखात्याच्या पिंजऱ्याचंही पुष्कळदा तेच होतं. आत शेळी बांधली की वाटेने जाणारा कोणताही बिबट्या शिरतो. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासातून दाखवून दिलं आहे. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो आणि नव्या मुलखात सोडलेला बिथरतो.

म्हणून माझी मागणी आहे. हल्ल्यानंतर पिंजरा लावण्याआधी पावलांचे ठसे, कॅमेऱ्यातले फोटो, जखमेवरच्या लाळेची तपासणी यांतून त्या प्राण्याची ओळख पटवण्याचा प्रयत्न व्हावा. पिंजऱ्यात आलेल्या प्राण्याशी ती ओळख जुळते की नाही, हे गावाला लेखी सांगितलं जावं. आज पिंजरा भरला की गावाला हायसं वाटतं, अधिकाऱ्यांवरचा दबाव ओसरतो आणि फाइल बंद होते. हल्ला करणारा मात्र उसातच असू शकतो. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घराला कोणता तरी बिबट्या दाखवून समजूत घालणं ही फसवणूक आहे. पिंजऱ्यातला बिबट्या तोच होता का, हे विचारण्याचा त्या घराचा हक्क आहे आणि त्याचं उत्तर देणं हे शासनाचं काम आहे.