पाच महिन्यांचा हिशेब

जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, हे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. नव्या औषधांच्या चाचण्यांनाही हाच नियम लावावा, असे माझे मत आहे.

माझ्या मावशीचा अंडाशयाचा कर्करोग दोन वर्षांनी उलटला. नेहमीच्या दोन औषधांना तिसऱ्या औषधाची जोड देऊन पाहणाऱ्या चाचणीत नाव घालावे, असे डॉक्टरांनी सुचवले. संमतिपत्राची मराठी प्रत अद्याप यायची होती. मावशीला मराठी वाचता येते आणि बाजारापुरते कन्नड बोलता येते. त्यामुळे इंग्रजी कागद समजावण्याचे काम माझ्याकडे आले. ‘रोग न वाढता जाणारा काळ लांबेल अशी आशा आहे,’ एवढे मी सांगितले. तिने विचारले, “म्हणजे मी जास्त जगेन का रे?” मी निरुत्तर झालो.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोग उलटलेल्या ८०२ स्त्रिया होत्या. प्लॅटिनमयुक्त औषधाला पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्यावर दोन वर्षांनी शंभरात ५० ऐवजी ५७ जणी हयात होत्या; मध्यक आयुष्य सुमारे पाच महिन्यांनी वाढले. २०१२ च्या ४८४ स्त्रियांच्या चाचणीत बेव्हॅसिझुमॅब जोडल्याने रोग न वाढता गेलेला काळ ८.४ महिन्यांवरून १२.४ वर गेला. एकूण आयुष्यात मात्र पुढे फरक दिसला नाही.

म्हणून चाचण्या नकोत, असे मी म्हणत नाही. त्या स्त्रिया पुढे आल्या नसत्या, तर ते पाच महिने कोणाच्याच पदरात पडले नसते. परंतु रोग थांबल्याचे महिने आणि जगण्याचे महिने वेगवेगळ्या रकान्यांत मांडावेत. गळणारे केस, बधिर होणारी बोटे, इस्पितळातले दिवस आणि घरचा खर्च नावे लिहावा. आणि हा सारा कागद सहीपूर्वीच रुग्णाच्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, तिच्या हाती पडावा.

मावशीने तोच प्रश्न डॉक्टरांना केला. ते म्हणाले, “ते अजून कोणालाच ठाऊक नाही. तेच पाहायचे आहे.” मराठी प्रत आल्यावर ती तिने दोनदा वाचली आणि सही केली. तिला आश्वासन नको होते, खरा हिशेब हवा होता.