विमानतळावरची बस



लंडनला शिकणाऱ्या लेकीकडे आम्ही दोघे निघालो, तेव्हा मिरज स्टेशनवर अर्धी वस्ती निरोपाला आली होती. विमानाची धास्ती नव्हती. धास्ती होती उतरल्यावरची. लेकीची त्याच दिवशी परीक्षा. टॅक्सीचे भाडे म्हणजे आमचा महिन्याचा किराणा! तिने फोनवर बजावले होते, "आई, घाबरू नकोस. हिथ्रोच्या बसस्थानकात जा, व्हिक्टोरियाचं तिकीट काढ."

खिडकीवर तिकीट मिळाले. चालकाने बॅगा बसच्या पोटात ठेवल्या. आत कंडक्टर नाही, घंटी नाही. पट्टा मात्र बांधायचा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने धावू लागली, तेवढाच जिवाला आधार. तासाभरात व्हिक्टोरिया आले.

फजिती पुढेच झाली. शहरातल्या लाल बसमध्ये आम्ही नोट पुढे केली, चालकाने मान हलवली. तिथे २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, कार्ड टेकवावे लागते. जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. आम्ही मुकाट उतरून भुयारी रेल्वे गाठली.

दुसऱ्या दिवशी लेकीने चॉक फार्म स्टेशनवरून चालत १०, किंग हेन्रीज रोडला नेले. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहिले. २०१५ साली ते महाराष्ट्र सरकारने विकत घेतले.

आमचे हे दारापुढे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "१९२० साली शाहू महाराजांची मदत घेऊन ते बोटीनं आले. त्यांना गं कुणी सांगितलं असेल, कुठली गाडी धरायची?"

लेक काही बोलली नाही. तिने बापाचा हात धरला.