मूल घरी येतं. मागे कोण उभं असतं?

दत्तक मुलासाठी 'कारा' या केंद्रीय संस्थेकडे नाव नोंदवून बसलेली जोडपी महाराष्ट्रात गल्लोगल्ली सापडतील. संसदीय समितीनं ऑगस्ट २०२२ मध्ये मांडलेल्या अहवालानुसार डिसेंबर २०२१ पर्यंत देशात २७,९३९ इच्छुक पालक नोंदले गेले होते. कायद्यानं दत्तक द्यायला मोकळी झालेली मुलं होती जेमतेम २,४३०. एका वर्षाची वाट तीन वर्षांवर गेली होती. पण ही रांग असते तान्ह्या बाळांसाठी. त्याच शहरातल्या बालगृहात नऊ, अकरा, तेरा वर्षांची मुलं असतात आणि त्यांच्यासाठी कुणीही रांग लावत नाही. कुणाची आई मनोरुग्णालयात, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाचे दोघंही दारूच्या आहारी, तर कुणाला भेटायला वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलंच नाही. यांतल्या अनेकांना दत्तक देता येत नाही, कारण आईबापांचा हक्क शाबूत आहे. घरी पाठवावं, तर घर धड नाही.

अशा मुलांसाठी कायद्यात आणखी एक वाट आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ४४ प्रतिपालकत्वाचं आहे. सरकारी कचेरीतसुद्धा सगळे त्याला 'फॉस्टर केअर'च म्हणतात. बालकल्याण समिती मुलाला ठरावीक मुदतीसाठी एखाद्या कुटुंबात ठेवते. मूल त्या घरात राहतं, शाळेत जातं, पण त्याचं आडनाव बदलत नाही आणि वारसाहक्कही येत नाही. समितीला गैर वाटलं नाही, तर जन्मदाते भेटायला येऊ शकतात; ते सावरले की मूल त्यांच्याकडे परतू शकतं. भावंडं शक्यतो एकत्रच ठेवायची, हेही कायदा सांगतो. घराची पाहणी दर महिन्याला व्हावी, असा समितीला दंडक आहे.

केंद्रानं २०२४ मध्ये या योजनेची आदर्श मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं काढली. पूर्वी दार फक्त विवाहित जोडप्यांना उघडं होतं. आता ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही, म्हणजे अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा विभक्त, अर्ज करू शकते. एकट्या बाईला मुलगा-मुलगी कुणालाही ठेवता येतं, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर असायला हवा. मुलं सहा वर्षांवरची. अर्ज ऑनलाइन करता येतो. इथवर सगळं स्वागतार्हच.

खटकते ती दुसरी सुधारणा. मूल प्रतिपालकांकडे राहिलं तर पूर्वी पाच वर्षांनी दत्तकाचा विचार व्हायचा, आता तो दोन वर्षांनी होऊ शकतो. ज्या मुलाचं मागे कुणीच उरलेलं नाही, त्याच्यासाठी हे चांगलंच. पण दत्तकाच्या रांगेत कंटाळलेल्या माणसाला यात मागचं दार दिसणार, हे सांगायला ज्योतिषी नको. असा माणूस मुलाच्या आईची भेट ठरली की मनातून चरफडतो आणि आई सुधारल्याची बातमी त्याला संकट वाटते. मूल स्वतःचं करून घ्यायची आस असलेल्यानं दत्तकासाठीच थांबावं. प्रतिपालकाचं काम निराळं आहे. परतीची शक्यता गृहीत धरून त्याला जीव लावावा लागतो, आणि सगळ्यांना ते जमत नाही. जमत नाही म्हणून कुणी वाईट ठरत नाही.

परक्याचं मूल घरात ठेवणं मराठी माणसाला नवं नाही. वार लावून जेवणारे विद्यार्थी, शिकायला मामाकडे राहिलेला भाचा, काकांच्या घरी वाढलेले पोरके पुतणे अशा कथा प्रत्येक घराण्यात असतात. आपण त्या अभिमानानं सांगतो. पण त्याच घराण्यांत दुसरीही एक कथा असते, ती कुणी सांगत नाही. नात्यातली आईवेगळी पोर 'शिकायला' म्हणून आणली जाते, शाळा चौथीला सुटते आणि पुढची दहा वर्षं ती धुणीभांडी करते. दरमहा पाहणीचा दंडक जाचक वाटणाऱ्यांनी ही दुसरी कथा आठवावी. सरकारी माणूस आपल्या स्वयंपाकघरात डोकावणार, ही कल्पना सहन होत नसेल तर अर्ज न केलेला बरा.

मग बालगृह काय वाईट, असं विचारणारे भेटतातच. तिथे जेवण आहे, शाळा आहे, अधीक्षक आहेत. याचं उत्तर रुमानियातल्या एका अभ्यासानं दिलं. बुखारेस्टच्या अनाथालयांतली १३६ लहान मुलं निवडून त्यांतल्या निम्म्यांना प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत ठेवलं गेलं आणि पुढे कित्येक वर्षं दोन्ही गटांची वाढ तपासली गेली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि भावनिक घडण संस्थेतल्या मुलांपेक्षा सरस निघाली. वयाच्या दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. एक तपशील मात्र अनेकदा गाळला जातो. ती कुटुंबं वाऱ्यावर सोडलेली नव्हती. त्यांना पैसे मिळत होते आणि सामाजिक कार्यकर्ते त्यांच्या सतत संपर्कात होते.

आपल्याकडे गाडी अडते ती नेमकी इथे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना फार जुनी. तिचं मासिक अनुदान ४२५ रुपयांवरून ११०० झालं, २०२३ पासून २,२५० झालं, आणि योजनेला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. कोविडनंतर विधवा झालेल्या हजारो आयांनी तिच्यासाठी तहसीलच्या चकरा मारल्या. योजना मोलाचीच आहे. पण तिचा पैसा मुख्यतः मुलाच्या स्वतःच्या आईकडे किंवा आजी-आजोबांकडे जातो. अनोळखी कुटुंबात मूल ठेवणं हे त्यात अपवादानंच घडतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रतिपालकत्वासाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम वेळेवर मिळाली तरी शाळेचा रिक्षावाला, शिकवणी आणि एखादा दातांचा डॉक्टर यांतच ती संपते. आणि अनुदान महिनोन्महिने रखडल्याच्या बातम्या जिल्हा आवृत्त्यांत नियमानं येतात.

पैशाहून मोठी अडचण माणसांची. मूल आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काय काय होतं, ते अर्जाच्या पोर्टलवर लिहिलेलं नसतं. मूल फ्रिज उघडायला परवानगी मागतं. जेवताना दोन पोळ्या खिशात घालतं आणि रात्री त्या उशीखाली सापडतात. कारण संस्थेत घंटा झाली की जेवण संपायचं, पुन्हा मिळेल याची खात्री नसायची. काही मुलं पंधरा दिवस इतकी शहाण्यासारखी वागतात की घर हरखून जातं. मग एके दिवशी टीव्हीचा रिमोट भिंतीवर आपटतो. घरातली आजी म्हणते, 'शेवटी रक्त कुठलं ते बघा.' खरं तर मूल त्या दिवशी पहिल्यांदा निर्धास्त झालेलं असतं. इथून हाकलतात का, हे ते तपासत असतं. हे समजावून सांगणारं कुणीतरी त्या संध्याकाळी फोनवर हवं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातला कर्मचारी संध्याकाळी सहानंतर कुठून मिळणार? त्याच्या टेबलावर बालविवाह, बालकामगार, हरवलेली मुलं आणि शेकडो अनुदानांच्या फायली असतात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००४ साली यावर एक साधा तोडगा निघाला. 'मॉकिंगबर्ड' या नावानं तो पुढे ब्रिटनमध्येही पसरला. सहा ते दहा प्रतिपालक कुटुंबांचा गट करायचा आणि मध्ये एक मुरलेलं, अनुभवी घर ठेवायचं. मूल बिथरलं तर त्या घरी फोन करायचा, थकवा आला तर शनिवार-रविवार मुलाला तिथे पाठवायचं, महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र जेवायचं. मुलांना आपल्यासारखी आणखी मुलं दिसतात, पालकांना आपल्यासारखे वैतागलेले पालक. यात परदेशी असं काय आहे? आपल्या चाळींनी हेच काम फुकटात केलं. पुण्यात किंवा नाशकात दहा कुटुंबं मिळाली तरी असा गट उभा राहील. दत्तक पालकांचे मेळावे मुंबई-पुण्यात भरतातच. त्यांना प्रतिपालकांसाठी दार उघडता येईल.

ज्यांचं मन होतं पण धीर होत नाही, त्यांच्यासाठी केरळनं पायरी ठेवली आहे. तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं मूल घरी नेता येतं. दीड-दोन महिन्यांत घराला मुलाचा आणि मुलाला घराचा अंदाज येतो. महाराष्ट्रात ही सोय सर्व जिल्ह्यांत व्हायला हवी. मात्र 'सुट्टीत फिरवून आणलं' अशा पुण्यासाठी ती नको. सुट्टी संपल्यावर मूल परत बालगृहात जाणार आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायची हिंमत असलेल्यांनीच पुढे यावं.

निर्णय घेणाऱ्या घरानं काही गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. स्वतःचं मूल असेल तर त्याला विचारावं आणि त्याचा नकार खरा मानावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना वगळून हा बेत तडीस जात नाही. शाळेत पालक म्हणून कुणाचं नाव लागेल, शस्त्रक्रियेची वेळ आली तर संमती कुणाची, बँक खातं कसं उघडायचं, हे बालकल्याण समितीकडून लेखी घ्यावं; तोंडी आश्वासनं बदली झालेल्या अधिकाऱ्याबरोबर जातात. मुलाचा आधीचा इतिहास मागून वाचावा. चौकशीत उत्पन्नापेक्षा स्वभावाबद्दलचे प्रश्न जास्त आले, तर ते चांगलं लक्षण समजावं.

आणखी एक पेच अठरा वर्षांचा. योजना त्या वाढदिवसाला थांबते. इंग्लंडनं २०१४ च्या कायद्यानं मुलाला २१ वर्षांपर्यंत प्रतिपालकांकडेच राहण्याची सोय केली. आपल्याकडे अनुरक्षण गृहं आहेत, अनाथांसाठी २०१८ पासून नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षणही आहे. पण आईबाप हयात असलेल्या, तरीही आसरा नसलेल्या मुलाला त्या आरक्षणाचा उपयोग नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर अठरा वर्षांवरच्या दिव्यांग अनाथांना संस्थेतून बाहेर काढू नये, म्हणून कित्येक वर्षं सरकारदरबारी भांडत आले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या मागणीनुसार देशभर लागू होईल असा कायदा मात्र झालेला नाही.

राज्य सरकारनं आता एवढं करावं. अनुदान महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात जमा करावं. प्रत्येक जिल्ह्यात फक्त प्रतिपालक कुटुंबांसाठी एक प्रशिक्षित कार्यकर्ता नेमावा आणि त्याचा मोबाइल रात्रीही चालू ठेवावा. किती मुलं कुटुंबात गेली, किती परत आली आणि का, हे दरवर्षी जाहीर करावं. हे होईपर्यंत 'एका मुलाला घर द्या' अशा जाहिराती काढू नयेत. आणि ज्या वाचकाच्या घरात या विषयावर आधीच बोलणं झालेलं आहे, त्यानं पोर्टलवर अर्ज भरण्याआधी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारावा : या जिल्ह्यात सध्या किती प्रतिपालक कुटुंबं आहेत आणि त्यांतल्या एकाशी भेट घालून द्याल का?