शितावरून भाताची परीक्षा

ऑगस्टचा मध्य उलटला, की मुंबई-पुण्यातील फुटबॉलवेड्यांच्या शनिवारच्या संध्याकाळी बदलतात. इंग्लंडमध्ये दुपारचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसात झालेले असतात आणि प्रीमियर लीगच्या सामन्याची गाठ गणपतीच्या आरतीशी पडते. तीन-चार सामने होतात न होतात तोच गुणतक्ता तोंडपाठ होतो, पैजा लागतात आणि आपला संघ तळाला असेल तर प्रशिक्षकाला घरी पाठवण्याचा ठराव एकमताने संमत होतो. प्रस्तुत प्रतिनिधीचाही हात अशा ठरावांच्या बाजूने अनेकदा वर गेला आहे. चाहत्याला हा उतावळेपणा शोभतो, कारण त्याच्या ठरावाने कोणाची नोकरी जात नाही. प्रश्न निर्माण होतो तो क्लबचे मालकच चाहत्यासारखे वागू लागतात तेव्हा.

२०२५-२६च्या हंगामाचे पहिले आठवडे त्याची साक्ष देतात. नॉटिंगहॅम फॉरेस्टला आधीच्या हंगामात सातवे स्थान आणि जवळपास तीन दशकांनंतर युरोपीय स्पर्धेचे दार उघडून देणारे नुनो एस्पिरितो सांतो यांना ९ सप्टेंबर रोजी निरोप मिळाला. तोवर लीगचे अवघे तीन सामने झाले होते आणि फॉरेस्टच्या खात्यात चार गुण होते. मालकांशी बिघडलेले संबंध हेही त्यामागचे कारण होते. त्यांच्या जागी आलेले अँज पोस्टेकोग्लू ३९ दिवस टिकले. आठ सामन्यांत दोन बरोबरी, सहा पराभव आणि शेवटचा सामना संपताच काही मिनिटांत हकालपट्टी! नुनो यांच्या फॉरेस्टला ३-० असे हरवणाऱ्या वेस्ट हॅमचे ग्रॅहम पॉटर यांनाही महिनाभरात नारळ मिळाला आणि त्यांच्या खुर्चीवर बसले ते नुनोच. वुल्व्ह्‌जने व्हितोर पेरेरा यांच्याशी सप्टेंबरमध्ये तीन वर्षांचा नवा करार केला आणि २ नोव्हेंबरला त्यांना काढून टाकले.

मुळात पहिल्या आठवड्यांचा गुणतक्ता कितपत विश्वासार्ह असतो? ३८ सामन्यांच्या लीगमध्ये सुरुवातीला कोणाच्या वाट्याला बलाढ्य प्रतिस्पर्धी येतात, कोणाच्या वाट्याला दुबळे. खेळाडूंचा बाजारही हंगाम सुरू झाल्यावरच बंद होतो. लिव्हरपूलने साडेबारा कोटी पौंडांना घेतलेला अलेक्झांडर इसाक संघात आला तोपर्यंत तीन फेऱ्या पार पडल्या होत्या. याच लिव्हरपूलने २०२५मध्ये लीगचे पहिले पाच सामने जिंकले आणि विजेतेपद राखल्यातच जमा आहे असे वाटू लागले. लगेच पुढचे चार सामने त्यांनी ओळीने गमावले. २००८-०९ मध्ये हल सिटीने पहिल्या नऊ सामन्यांत २० गुण मिळवून आघाडीच्या संघांची बरोबरी साधली होती. उरलेल्या २९ सामन्यांत त्यांना फक्त दोन विजय मिळाले आणि एका गुणाच्या फरकाने ते खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचले.

वेळीच प्रशिक्षक बदलल्याने क्लब तरले, असा युक्तिवाद यावर होतो. त्यासाठी क्रिस्टल पॅलेसचा दाखला दिला जातो. २०१७ मध्ये फ्रँक डी बोअर यांना लीगच्या चार पराभवांनंतर काढले गेले, रॉय हॉजसन आले आणि संघ अकराव्या स्थानी राहिला. परंतु हॉजसन यांचेही लीगमधील पहिले तीन सामने पराभवाचेच होते, आणि त्यांतही पॅलेसला एकही गोल करता आला नव्हता, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. डी बोअर यांना न मिळालेला वेळ हॉजसन यांना मिळाला. संघ सावरला त्यात माणूस बदलल्याचा वाटा किती आणि नंतर दाखवलेल्या संयमाचा किती, हे म्हणूनच तपासून पाहायला हवे.

मालकांच्या घाईमागे भीती आहे, हे मान्य करावे लागेल. खालच्या श्रेणीत गेले, की दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाला मोठी कात्री लागते. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत वर आलेले तिन्ही संघ वर्षभरात खाली गेले होते, त्यामुळे प्रस्थापित क्लब निर्धास्त होते. २०२५मध्ये नव्याने वर आलेल्या सुंदरलँडने नऊ सामन्यांत १७ गुण मिळवले आणि ही निश्चिंती संपली. पण भीती हे निर्णयाचे कारण असू शकते, समर्थन नव्हे. सराव, डावपेच, खेळाडूंचा परस्पर मेळ यांना दिवस लागतातच. दर महिन्याला नवा माणूस आला, की ही मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि खेळाडूंनी नेमके कोणाचे ऐकायचे हा प्रश्न उरतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरे. पण त्यासाठी भात आधी शिजलेला असावा लागतो. चाहता कच्चे शीत दाबून पाहील, चिडेल आणि पुढच्या शनिवारी साडेसातला पुन्हा दूरचित्रवाणीसमोर बसेल. मालकाने मात्र चुलीवरचे भांडेच उतरवून ठेवू नये.