दुसरा क्रमांक

पारितोषिक-वितरणाच्या समारंभात सर्वांत अवघड जागा कोणती, असे कोणी विचारल्यास ती दुसऱ्या क्रमांकाची होय, असे आम्ही निःशंकपणे सांगू. पहिल्यास आपला आनंद उघड करता येतो. ज्यास काहीच मिळाले नाही, त्यास आपली निराशा गर्दीत लपविता येते. तिसऱ्यास काहीतरी पदरात पडल्याचे समाधान असते. दुसऱ्यास मात्र सर्वांच्या देखत व्यासपीठावर चढून, हसतमुखाने, आपण अगदी थोडक्यात मागे राहिलो हेच जाहीर करावे लागते.

आणि खरी परीक्षा तर घरी परतल्यावर पुढेच असते. एकत्र कुटुंबात ती एका परीक्षकापुढे द्यावयाची नसून पाचसात परीक्षकांपुढे द्यावयाची असते. "मग पहिला कोण आला?" असे आजोबा विचारतात. "किती गुणांनी हुकला?" असे काका विचारतात. "परीक्षकांच्या नात्यातला असेल तो पहिला," अशी आत्याबाई परस्पर खात्री करून घेतात. "पुढच्या वर्षी पहिला आण म्हणजे झाले," असे म्हणून आई पानावर आणखी एक पोळी वाढते. ही चारही वाक्ये मायेपोटीच निघालेली असतात, ह्यात शंका नाही. पण मुलाने व्यासपीठावर प्रत्यक्ष केले काय, ह्याची चौकशी त्या चारांपैकी एकातही नाही, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास साहाय्यभूत होईल अशी एका नृत्यस्पर्धेची हकीकत आज सांगावयाची आहे. ती न्यूयॉर्क शहरातील असून १९३५ सालची आहे.

न्यूयॉर्कमधील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. तेथील लेनॉक्स अॅव्हेन्यूवर १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम ह्या नावाचे एक भव्य नृत्यगृह उघडले. अमेरिकेत त्या काळी कृष्णवर्णीय व गौरवर्णीय ह्यांनी एकत्र बसणेही पुष्कळ ठिकाणी निषिद्ध होते. सॅव्हॉयमध्ये मात्र दोघेही एकाच जमिनीवर नाचत. ह्याच वातावरणात लिंडी हॉप हा नृत्यप्रकार वाढला. चार्ल्स लिंडबर्ग ह्या वैमानिकाने १९२७ साली एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला, त्याच्या नावावरून हे नाव पडले असे सांगतात.

हे नृत्य जोडीने करावयाचे असते. स्विंग संगीताच्या आठ मात्रांच्या आवर्तनात दोघे एकमेकांस जवळ ओढतात, एकमेकांभोवती फिरतात, आणि मग एकच हात धरून दूर सुटतात. आमच्या वाचकभगिनींस हे समजावयास फार कष्ट पडू नयेत. मंगळागौरीच्या रात्री फुगडी घालताना दोघी मागे रेलतात, तेव्हा एकीचा तोल दुसरीच्या हातात असतो. एकीने हात सोडला तर दोघीही पडावयाच्या. लिंडी हॉपमधील फिरतीचे मर्म ह्याहून फारसे निराळे नाही. फरक इतकाच की, येथे हात सुटल्यावर जे काही मनात येईल ते समेपर्यंत करून दाखविण्याची मुभा असते. बैठकीतला गवई आवर्तनात मोकळेपणाने हिंडून समेवर येतो, त्यातलाच हा प्रकार.

सॅव्हॉयमध्ये तरुणांच्या चढाओढी नेहमी होत, आणि पुष्कळदा निकाल प्रेक्षकांच्या टाळ्यांवरच ठरे. त्या तरुणांत फ्रँकी मॅनिंग हा एक होता. त्याचा जन्म २६ मे १९१४ रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे झाला आणि लहानपणीच तो आईबरोबर हार्लेमला आला. आईस नृत्याची मोठी आवड. पण मुलाचे नाचणे पाहून, तू फार ताठ आहेस, असा शेरा तिनेच मारला. मुलाने तो शेरा मनास लावून घेतला खरा, पण रुसून बसला नाही. खोलीचे दार लावून, खुर्ची आणि लांब दांड्याचा झाडू ह्यांस जोडीदार मानून त्याने सराव मांडला. पुढे त्याची जी शैली प्रसिद्ध झाली, ती धावण्याच्या शर्यतीतील गड्याप्रमाणे कमरेत वाकून, जमिनीलगत नाचण्याची होती. ज्यास आईने ताठ म्हटले, त्यानेच ह्या नृत्यातील ताठरपणा काढून टाकला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९३५ साली 'डेली न्यूज' ह्या वर्तमानपत्राने 'हार्वेस्ट मून बॉल' नावाची मोठी नृत्यस्पर्धा जाहीर केली. ती सेंट्रल पार्कमध्ये भरावयाची होती. परंतु गर्दी इतकी लोटली की तेथे स्पर्धा होऊच शकली नाही, आणि ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस ती मॅडिसन स्क्वेअर गार्डन ह्या विशाल सभागृहात घ्यावी लागली. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो व रंबा ह्या रुळलेल्या प्रकारांबरोबर लिंडी हॉप हाही एक विभाग होता. हार्लेमच्या मुलांना हे नवीनच होते. टाळ्यांनी निकाल देणारा आपल्या ओळखीचा मेळा येथे नव्हता. परीक्षक होते, नियम होते आणि क्रमांक होते.

सॅव्हॉयच्या मुलांचा संघ हर्बर्ट व्हाइट ह्या गृहस्थाने बांधला होता. निकाल लागला तेव्हा लिंडी हॉपमधील पहिले तिन्ही क्रमांक ह्याच मुलांनी पटकाविले होते. पहिला क्रमांक लिऑन जेम्स व एडिथ मॅथ्यूज ह्यांचा. दुसरा फ्रँकी मॅनिंग व मॅगी मॅकमिलन ह्यांचा. आणि तिसरा बिली हिल व नोर्मा मिलर ह्यांचा. नोर्मा त्या वेळी अवघी पंधरा वर्षांची होती.

येथे आत्याबाईंच्या पद्धतीने, परीक्षकांनी अन्याय केला, असे म्हणावयास आम्ही तयार नाही. लिऑन जेम्स हा अव्वल दर्जाचा नर्तक होता. त्याच्या पायांतील चापल्य आणि चेहऱ्यावरील मिस्कीलपणा १९३७ सालच्या 'अ डे अॅट द रेसेस' ह्या चित्रपटात आजही पाहावयास मिळतो. तो पहिला आला, ते योग्यच झाले असेल. आमचा मुद्दा निराळा आहे. त्या रात्री परीक्षकांनी काही मिनिटांचे नृत्य तोलले. त्यांच्या हाती तेवढेच होते. पण घरची मंडळी क्रमांक ऐकून त्यावरून माणूस तोलू लागतात, तेव्हा ती परीक्षकांनी न दिलेला निकाल देत असतात.

दुसऱ्या आलेल्या मॅनिंगने पुढे केले काय? त्याच सुमारास सॅव्हॉयमध्ये जुन्या पिढीचा नायक शॉर्टी स्नोडेन ह्याच्याशी नव्या मुलांची चढाओढ ठरली. शॉर्टी नावाप्रमाणेच बुटका. त्याची जोडीदारीण बिग बी चांगली उंच. नृत्याच्या शेवटी ती त्यास पाठीवर घेऊन चालू लागे आणि लोक हसून बेजार होत. ते पाहून मॅनिंगच्या मनात आले की, जोडीदारणीस पाठीवर घेऊन तेथेच का थांबावे? तिला पाठीवरून पलीकडे उलटवून, तालाचा ठोका न चुकविता, समोर उभी का करू नये? फ्रीडा वॉशिंग्टन हिच्याबरोबर त्याने गादी अंथरून ह्याचा सराव केला. प्रथम पडणे, मग पुन्हा उठणे, असे चालले. चढाओढीच्या रात्री चिक वेब ह्याच्या वाद्यवृंदाच्या साथीत तो पवित्रा साधला, आणि लिंडी हॉपमध्ये हवेतील उड्यांचा प्रवेश झाला. अनेक जोड्यांनी एकाच तालात एकसारखे नाचावयाचे, ही समूहनृत्याची रीतही मॅनिंगनेच ह्या नृत्यात आणली. १९४१ सालच्या 'हेल्झापॉपिन' चित्रपटातील चार जोड्यांचे जे नृत्य आजही जगभर अभ्यासले जाते, त्याची आखणी त्याची होती आणि त्यात तो स्वतःही नाचला आहे. तिसरी आलेली नोर्मा मिलर हीही त्यात आहे. दुःखाची गोष्ट एवढीच की, एवढ्या गुणी कलावंतांस पडद्यावर यावयाचे तर स्वयंपाकी, मोलकरीण अशा नोकरांच्या वेषातच यावे लागले. वर्णभेदाच्या त्या काळात त्यांना मिळालेला दुसरा क्रमांक कोणत्याही परीक्षकाने दिलेला नव्हता, आणि तो कोणत्याही सरावाने पुसला जाणारा नव्हता.

त्याच १९३५ साली लिऑन अॅबी ह्या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. हार्लेमची ही लय मुंबईतील गोमंतकीय वादकांनी उचलली. त्यांपैकी चिक चॉकलेट ह्या नावाने गाजलेले हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ पुढे आपल्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आले. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटातील भगवानदादांच्या नाचाबरोबर ज्यांनी घरात पाय थिरकविले असतील, त्यांच्या कानांवर स्विंगची छाया नकळत पडलेली आहे.

मॅनिंगच्या आयुष्यात पुढे दुसरे महायुद्ध आले. सैन्यातून परतल्यावर त्याने चौघांचे पथक काढले. पण लोकांची आवड पालटली होती. पथक मोडले आणि संसार चालविण्यासाठी त्याने टपाल खात्यात नोकरी धरली. सुमारे तीस वर्षे तो ती नोकरी करीत होता. सॅव्हॉय १९५८ साली बंद झाले, इमारतही पाडली गेली. मग १९८० नंतर स्वीडन, इंग्लंड व कॅलिफोर्निया येथील काही तरुण जुन्या चित्रपटांतील हे नृत्य पाहून त्याचे कर्ते शोधू लागले. १९८६ साली एरिन स्टीव्हन्स व स्टीव्हन मिचेल हे दोघे मॅनिंगपर्यंत येऊन पोहोचले. त्या वेळी त्याचे वय बहात्तर होते. तेथून पुढे वीस-बावीस वर्षे तो देशोदेशी हे नृत्य शिकवीत हिंडला. 'ब्लॅक अँड ब्लू' ह्या नाटकाच्या नृत्यरचनेसाठी १९८९ साली त्यास इतर तिघांसमवेत टोनी पारितोषिक मिळाले. २७ एप्रिल २००९ रोजी, वयाची पंचाण्णव वर्षे पुरी होण्यास महिना उरला असता, तो निवर्तला. त्याचा जन्मदिवस २६ मे हा आज लिंडी हॉपचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो, आणि मुंबई-बंगळूरसारख्या शहरांतही हे नृत्य शिकणारी तरुण मंडळी आहेत. नोर्मा मिलर हीही २०१९ साली नव्याण्णव वर्षांची होऊन गेली. अखेरपर्यंत ती ह्या नृत्याबद्दल बोलत व शिकवीत होती.

ह्यावरून कोणी असे तात्पर्य काढील की, दुसरा आलेला शेवटी पहिल्याच्या पुढे गेला. तसे तात्पर्य आम्हांस काढावयाचे नाही. लिऑन जेम्सनेही पुढे मार्शल स्टर्न्स ह्या अभ्यासकास साहाय्य करून ह्या नृत्याची परंपरा जपली. तो १९७० साली वारला, म्हणून नव्या पिढीच्या शोधकांना तो भेटू शकला नाही, इतकेच. दीर्घायुष्य हा काही गुणांचा पुरावा नव्हे. शिवाय त्या दुसऱ्या क्रमांकाची अर्धी मानकरी मॅगी मॅकमिलन होती. तिचे नाव आज किती जणांस ठाऊक आहे? जोडीच्या नृत्यात क्रमांक एकट्याचा नसतोच, आणि कीर्ती मात्र पुष्कळदा एकट्याच्याच वाट्यास येते. तेव्हा काळही सर्वस्वी न्यायी परीक्षक आहे, असे म्हणता येत नाही.

तात्पर्य आम्हांस दिसते ते असे. परीक्षकांचा निकाल हाती नसतो, काळाचा निकाल तर त्याहूनही नसतो. हाती राहते ती खोलीतली खुर्ची, तो झाडू आणि ती गादी. मॅनिंगने टपालाच्या नोकरीत तीस वर्षे काढली, पण नाच त्याच्या अंगातून गेला नाही, म्हणूनच शोधणाऱ्यांस शिकविण्यासारखे त्याच्यापाशी काही उरले होते. क्रमांकासाठीच जो नाचला असेल, त्याने क्रमांक हुकताच किंवा मिळताच घुंगरू खुंटीस टांगावे, ह्यात नवल नाही.

म्हणून घरातील वडीलधाऱ्या मंडळींस आमची एवढीच विनंती आहे. मूल दुसरे बक्षीस घेऊन घरी आले म्हणजे पहिला कोण, हा प्रश्न दोन दिवस लांबणीवर टाकावा. पहिल्या आलेल्या मुलाची निंदा करून आपल्या मुलाचे सांत्वन करू नये. त्याने मुलास सांत्वन मिळत नाही, मत्सर मात्र मिळतो. पुढच्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाचे ओझेही त्याच रात्री त्याच्या डोक्यावर ठेवू नये. त्याऐवजी दिवाणखान्यातील सतरंजी बाजूस सारावी, आजोबांनी आरामखुर्ची जरा मागे घ्यावी, आणि मुलीस किंवा मुलास म्हणावे, "काय केलेस ते आम्हांस करून दाखव पाहू." जोडीदारीण शेजारच्या वाड्यातील असेल तर तिलाही बोलवावे. जे मूल त्या रात्री घरच्यांसमोर पुन्हा एकदा नाचले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सरावास उठण्याची शक्यता अधिक, असा आमचा विश्वास आहे.