आडनाव कोणी कापलं?

‘फ्रेंड्स’मधली रेचल आवडत नाही असा माणूस तुमच्या ऑफिसात शोधून दाखवा! पण या जेनिफर अ‍ॅनिस्टनच्या आडनावाची गंमत माहितीय? तिचे वडील क्रीट बेटावर जन्मले ते यानिस अनास्तासाकिस म्हणून. कुटुंब अमेरिकेत आलं आणि ‘अनास्तासाकिस’चं झालं ‘अ‍ॅनिस्टन’. सुटसुटीत, पोस्टरवर मावणारं. १९६९ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष झालेले स्पायरो अ‍ॅग्न्यू यांचीही तीच कथा. त्यांचे वडील ग्रीसमधल्या गार्गालियानीहून आले तेव्हा अनाग्नोस्तोपुलोस होते.

माझी एक मैत्रीण शिकागोत नोकरी करते. तिच्या टीममधला एक ग्रीक वंशाचा मुलगा गेली दोन वर्षं आपल्या पणजोबांच्या मागावर आहे. त्याचंही आडनाव पूर्वी भलंमोठं होतं, आता नुसतं शेपूट उरलंय. त्याच्या शोधाचे अपडेट्स मला मैत्रिणीकडून मिळत राहतात आणि मी एखाद्या सीरियलसारखी पुढच्या एपिसोडची वाट बघते.

त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी : पणजोबा १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर उतरले. तिथल्या गोऱ्या साहेबाला नाव उच्चारता येईना, म्हणून त्याने खाटकन अर्धं कापून टाकलं. अमेरिकेतल्या हजारो कुटुंबांत ही गोष्ट सांगतात. इटालियन, पोलिश, ग्रीक, सगळ्यांकडे सेम टू सेम.

प्रॉब्लेम एकच. ती खरी नाही!

एलिस आयलंडवरचे अधिकारी नावं लिहीतच नव्हते. प्रवाशांची यादी जहाज सुटण्याआधी कंपनीचे कारकून बनवायचे, पात्रास किंवा पिरेयस बंदरात. बेटावरचा अधिकारी फक्त ती यादी समोर ठेवून प्रश्न विचारायचा, आणि मदतीला दुभाषे असायचे. एलिस आयलंड सुरू झालं १८९२ मध्ये. १९२४ पर्यंतच्या सुमारे २ कोटी २० लाख प्रवाशांच्या नोंदी २००१ मध्ये इंटरनेटवर आल्या, तेव्हापासून कोणालाही घरबसल्या त्या चाळता येतात. याने चाळल्या. पणजोबांचं आडनाव तिथे होतं, पूर्णच्या पूर्ण, शेपटीसकट.

मग कापलं कोणी?

उत्तर सापडलं कोर्टात. अमेरिकेत १९०६ पासून नागरिकत्वाचे अर्ज देशभर एकाच नमुन्यात भरले जाऊ लागले. त्यात जन्मगाव, जहाजाचं नाव, येण्याची तारीख असं सगळं असतं, आणि नाव बदलायचं असेल तर तेही त्याच वेळी करून घेता यायचं. तिथे जुनं नाव होतं, नवं नाव होतं आणि खाली पणजोबांची सही. म्हणजे साहेब निर्दोष! नाव कापलं ते स्वतः पणजोबांनी.

तो पठ्ठ्या म्हणे दोन दिवस गप्प होता. साहजिकच आहे. साहेबाने जबरदस्तीने नाव बदललं, ही गोष्ट सांगायला सोपी. आजोबांनी आपल्या हाताने टाकून दिलं, ही अवघड.

पण तो काळ बघा ना. फेब्रुवारी १९०९ मध्ये साउथ ओमाहा गावात जमावाने ग्रीकांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हुसकून लावलं. पुढे कू क्लक्स क्लॅनचा जोर वाढला, तेव्हा १९२२ मध्ये अटलांटात ग्रीकांनी ‘अहेपा’ नावाची संघटना काढली. आपण चांगले अमेरिकन आहोत हे दाखवून देण्यासाठी! १९२४ च्या कायद्याने तर ग्रीसमधून वर्षाला फक्त १०० माणसं घ्यायची असं ठरवलं. अशा दिवसांत दुकानाच्या पाटीवर छोटं नाव लावणं म्हणजे फॅशन नव्हती, काच फुटू नये म्हणून घेतलेली काळजी होती. कॉन्स्टंटिनोस झाला गस, दिमित्रिओस झाला जिम, वासिलिओस झाला बिल.

आता तुम्ही म्हणाल, मूळ आडनाव मिळालं, संपलं काम. छे! इथून तर सुरुवात. आपल्याकडच्या ‘कर’सारखं ग्रीक आडनावाचं शेपूटही थोडाफार पत्ता सांगतं. ‘-आकिस’ बहुतेक क्रीटचा, ‘-पुलोस’ पेलोपोनीसचा, ‘-आतोस’ केफालोनियाचा. ‘-ओग्लू’ असेल तर पूर्वज आजच्या तुर्कस्तानातले असण्याची शक्यता मोठी. पण हा झाला जिल्हा. गाव कुठलं?

गाव हवंच, कारण ग्रीसमधल्या नोंदी गावागावांच्या आहेत. शिवाय नावांचा घोळ. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची प्रथा, त्यामुळे एकाच आजोबांचे चार नातू एकाच नावाचे! वेगळेपण कळतं ते वडिलांच्या नावावरून. आपल्या फॉर्मवर मधलं नाव वडिलांचं असतं ना, तस्संच. त्यातून ग्रीसने नवं कॅलेंडर घेतलं ते १९२३ मध्ये, त्यामुळे आधीच्या तारखा १२-१३ दिवस मागेपुढे. आणि अनेक गावांची तुर्की किंवा स्लाव्ह वाटणारी नावं सरकारने विसाव्या शतकात बदलून टाकली. जहाजाच्या यादीतलं गाव आजच्या नकाशावर असेलच असं नाही.

याच्या घरी सगळे सांगायचे, ‘आपण त्रिपोलीचे.’ परदेशात गेलेली माणसं जवळच्या मोठ्या शहराचं नाव सांगतात. आपण नाही का, सासवडचे असलो तरी परदेशात ‘पुण्याचे’ म्हणून मोकळे होतो! खरं गाव माहीत होतं एकाच व्यक्तीला. पणजोबांची धाकटी मुलगी, आता नव्वदीच्या घरातली, वृद्धाश्रमात राहणारी. तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. याने फोन केला आणि दोन वर्षं नेटवर न मिळालेलं उत्तर तिने दहा सेकंदांत दिलं. वर स्वतःच एक प्रश्न विचारला : ‘माझ्या आत्याचं नाव काय होतं रे? बाबा तिच्या हुंड्यासाठी पैसे पाठवायचे, एवढंच आठवतं.’

त्या काळचे कितीतरी ग्रीक तरुण अमेरिकेत बूट पॉलिश करायला, रेल्वेचे रूळ टाकायला गेले ते याच कारणाने. बहिणींचे हुंडे! आणि गंमत म्हणजे ज्या बहिणीसाठी ही सगळी धडपड, तिचाच पत्ता लागत नाही. गावोगावी ‘मित्रोओ अर्रेनोन’ नावाची नोंदवही असते. अर्थ सरळ आहे, पुरुषांची नोंदवही. लष्करात भरती करायला कोण कधी जन्मला ते सरकारला हवं होतं. त्यात पणजोबा सापडले, त्यांचा थोरला भाऊ सापडला. बहीण? नावच नाही.

ती सापडली त्रिपोलीच्या सरकारी अभिलेखागारात, हुंड्याच्या करारात. तिकडे लग्नाआधी नोटरीसमोर लेखी करार व्हायचा. चादरी इतक्या, भांडी इतकी, ऑलिव्हची झाडं इतकी, रोख इतकी. ग्रीसने हुंडा कायद्याने रद्द केला तो १९८३ मध्ये. तोवर हजारो बायकांची नावं या कागदांवर जमा झाली होती. हिचंही होतं. आणि रोख रकमेपुढे लिहिलं होतं : अमेरिकेतल्या भावाकडून.

याने लगेच म्हातारीला फोन लावला. तिने आत्याचं नाव तीनदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, ‘अरे, म्हणजे माझंच नाव!’ बापाने स्वतःचं आडनाव कापलं, पण लांब राहिलेल्या बहिणीचं नाव मात्र मुलीला ठेवून घरात जपलं होतं. नव्वद वर्षं ती ते नाव लावून फिरत होती आणि तिला पत्ताच नव्हता.

म्हणून सांगते, वंशावळीचं खूळ कधी डोक्यात शिरलंच तर लगेच सर्च इंजिन उघडू नका. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाठा. गावाचं नाव विचारा, पणजोबांच्या वडिलांचं विचारा, आणि पणजोबांच्या बहिणींचं तर आवर्जून विचारा. कागद शंभर वर्षं कपाटात थांबतात. आजी थांबेलच असं नाही.