रक्त आणि पाऊल

“आजींना रक्त चढवा, म्हणजे त्या लौकर चालूं लागतील,” हें वाक्य खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धेच्या उशाशीं हटकून ऐकूं येतें. हाड मोडतांना व शस्त्रक्रियेंत रक्त जातें, चेहरा पांढुरका दिसतो. तेव्हां आप्तांचा हा तर्क स्वाभाविक होय. परंतु तो कसोटीस उतरला नाहीं.

अमेरिका व कॅनडा येथील ४७ रुग्णालयांत, खुब्याचें हाड मोडलेल्या आणि हृदयविकार वा त्याचा धोका असलेल्या २,०१६ रुग्णांवर झालेला प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटास हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या खालीं जातांच रक्त दिलें. दुसऱ्यास तें ८ च्या खालीं गेल्यावर अथवा लक्षणें दिसल्यावर. साठ दिवसांनीं, मृत्यु पावलेले किंवा दुसऱ्याच्या आधारावांचून खोली ओलांडूं न शकणारे पहिल्या गटांत शेंकडा ३५.२ व दुसऱ्यांत ३४.७ निघाले. म्हणजे फरक जवळजवळ नाहींच. यावरून रक्त केव्हांच देऊं नये असें नव्हे. छातींत दुखणें, धाप, घेरी असल्यास निर्णय डॉक्टरांचा. परंतु केवळ बाटलीनें पावलें उचलत नाहींत, एवढें सिद्ध झालें.

मग उचलतात कशानें? अंथरुणांत पडून वृद्धांचे स्नायू झपाट्यानें झिजतात. म्हणून शस्त्रवैद्यानें अनुज्ञा दिल्यास दुसऱ्याच दिवशीं उठून उभें राहावें. वेदनाशामक औषध त्यासाठींच असतें. रक्त भरून येण्यास आठवडे लागतात. अंगांत दाह असेतों यकृतांतून निघणारें एक द्रव्य सांठ्यांतील लोह अडवून धरतें. यास्तव लोहाच्या गोळ्या डॉक्टरांस विचारूनच द्याव्या. आहारांत डाळ, उसळ, दूध, दहीं नित्य असावें, वर लिंबू पिळावें, आणि चहा जेवणास लागून देऊं नये.

स्त्रियांत १२ व पुरुषांत १३ ग्रॅमच्या खालीं हिमोग्लोबिन राहिल्यास “वय झालें” म्हणून सोडूं नये. पोटांतील छुपा रक्तस्रावहि त्याचें कारण असूं शकतो. घरीं परतल्यावर कांहीं आठवड्यांनीं तपासणी पुन्हां करवून घ्यावी.

आपल्या एकत्र कुटुंबांत सेवेस हात पुष्कळ. सून पाणी आणते, नातू ताट आणतो, आणि सर्वांच्या मायेनेंच आजी खाटेस खिळते. पाणी हातीं देण्याऐवजीं हात देऊन त्यांस माठापर्यंत न्यावें. ही सेवा अधिक कष्टाची, पण खरी.